दोघांतला कोणता, की सगळ्यांतला कोणता?

आजची भाषा आहे आइस्लँडिक आणि आजचा विषय अगदी छोटा आहे: 'कोणता?' हा प्रश्न आइस्लँडिकमध्ये कसा विचारतात?

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर अख्खा भाग? पण हा एक शब्द धरून आपण बरेच लांब जाणार आहोत. वाटेत गीता येईल, ऋग्वेद येईल, दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत येऊन गेलेला एक डॅनिश पंडित येईल आणि शेवटी आपल्या घरातली मराठीही येईल.

आधी आपल्या मराठीपासून सुरुवात करू. दुकानदार तुमच्यासमोर दोन शर्ट ठेवतो आणि विचारतो, "कोणता देऊ?" मग तो वीस शर्टांचा ढीग ठेवतो आणि पुन्हा विचारतो, "कोणता देऊ?" प्रश्न तोच, शब्द तोच. पर्याय दोन आहेत की वीस, याच्याशी 'कोणता' या शब्दाला काही देणंघेणं नाही. हिंदीतल्या 'कौन-सा'चंही तेच आणि इंग्रजीतल्या 'विच'चंही तेच.

आइस्लँडिकमध्ये मात्र दुकानदाराला तोंड उघडण्याआधी शर्ट मोजावे लागतात. दोन असतील तर एक शब्द, दोनाहून जास्त असतील तर दुसरा. आजच्या भागाचं सार हेच: 'कोणता' विचारण्याआधी ही भाषा बोलणाऱ्याकडून मोजणी करून घेते, आणि ती मोजणी प्रश्नातच ऐकणाऱ्यापर्यंत पोचते.

थोडी ओळख

आइस्लँड हे उत्तर अटलांटिक महासागरातलं बेट. लोकसंख्या चार लाखांहून थोडी कमी, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. नवव्या शतकापासून तिथे मुख्यतः नॉर्वेकडून आलेले लोक वसले. त्यांनी आपल्याबरोबर जी भाषा आणली, तिचं व्याकरण आजच्या आइस्लँडिकने बऱ्यापैकी जसंच्या तसं जपलं आहे. तीन लिंगं आहेत: पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. चार विभक्ती आहेत: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. त्यांची नेमकी कामं आपल्या विभक्तींसारखीच नाहीत, पण समजून घ्यायला ही नावं पुरेत.

तीन लिंगं म्हटल्यावर इंग्रजी बोलणारा माणूस घाबरतो. मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही. 'तो, ती, ते' आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतो आहोत.

उच्चाराबद्दल एकच सूचना. आपण ज्या शब्दांकडे बघणार आहोत, ते लिहिताना 'ह' आणि 'व' या अक्षरांनी सुरू होतात, पण आज बहुतेक आइस्लँडभर त्यांचा उच्चार 'क्व' असा होतो. म्हणून मी 'क्व'च लिहितो आहे. बाकीचे उच्चारही देवनागरीत जवळपासचे आहेत, तंतोतंत नाहीत.

तीन शब्द

आता मुख्य तीन शब्द लक्षात ठेवा.

पहिला क्वोर. अर्थ: दोघांपैकी कोण, दोनांपैकी कोणता.

दुसरा क्वेर. अर्थ: कोण, आणि तिघांपैकी किंवा त्याहून जास्त जणांपैकी कोण.

तिसरा क्वादा. अर्थ: कोणता, कुठला. हा नेहमी नामाच्या आधी येतो आणि पर्याय किती आहेत, याबद्दल स्वतः काही बोलत नाही.

क्वोर आणि क्वेर. एका स्वराचा फरक. ऐकताना निसटून जाईल इतका छोटा. पण त्यातच 'दोन' आणि 'दोनाहून जास्त' एवढा फरक सामावला आहे.

जाता जाता एक गंमत. 'क्वेर' याच उच्चाराचं एक नाम आहे, त्याचा अर्थ गरम पाण्याचा झरा. आइस्लँडमध्ये अशा झऱ्यांना तोटा नाही. क्वेरागेर्दी नावाच्या गावाचं नाव त्यावरूनच पडलं आहे. आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. नकाशात दिसलं तर गोंधळू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

तर आणि तम

समजा, दोन भाऊ आहेत. त्यांच्यातला मोठा कोण, हे विचारायचं आहे.

क्वोर थेइरा एर एल्द्री?

शब्दशः: क्वोर म्हणजे दोघांपैकी कोण, थेइरा म्हणजे त्यांच्यातला, एर म्हणजे आहे आणि एल्द्री म्हणजे अधिक मोठा.

आता भाऊ तीन आहेत.

क्वेर थेइरा एर एल्स्तुर?

इथे दोन गोष्टी बदलल्या. क्वोरचा क्वेर झाला आणि एल्द्रीचा एल्स्तुर झाला. एल्द्री म्हणजे 'अधिक मोठा', एल्स्तुर म्हणजे 'सर्वांत मोठा'. दोघांची तुलना असेल तर अधिक-दर्शक रूप, जास्त जणांची असेल तर सर्वाधिक-दर्शक रूप.

हे आपल्याला नवीन नाही. लघुतर आणि लघुतम, उच्चतर आणि उच्चतम हे शब्द आपण शाळेत शिकलो. दोघांच्या तुलनेत 'तर', अनेकांच्या तुलनेत 'तम'. आणि या 'तर' आणि 'तम' दोन्हींना एकत्र करून तयार झालेला एक शब्द तर आपण रोज वापरतो: तारतम्य. "जरा तारतम्य बाळगा" असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर म्हणत असतो की अधिक काय आणि सर्वाधिक काय, हे ओळखा.

आइस्लँडिकमध्ये हे तारतम्य प्रश्नार्थक शब्दातच ठेवलेलं आहे. क्वोर ऐकला की पुढे 'तर' येणार, क्वेर ऐकला की 'तम' येणार, हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं.

दोघे, दोघी आणि दोघं

मोजणी झाली. पुढची पायरी लिंगाची. आणि इथे मराठी माणसाला फायदा आहे.

भाऊ आणि बहीण अशी जोडी आहे असं धरा. त्यांच्यात मोठं कोण? आता पुल्लिंग वापरायचं की स्त्रीलिंग? आइस्लँडिकचं उत्तर: दोन्ही नाही, नपुंसकलिंग.

क्वोर्त थेइरा एर एल्द्रा?

क्वोरचं नपुंसकलिंगी रूप क्वोर्त, आणि एल्द्रीचं एल्द्रा.

फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकलेल्याला हे विचित्र वाटतं, कारण तिथे स्त्री-पुरुष एकत्र आले की पुल्लिंग चालतं. आपल्याला विचित्र वाटायला नको. दोन पुरुष आले तर आपण म्हणतो "ते दोघे आले". दोन बायका आल्या तर "त्या दोघी आल्या". आणि नवरा-बायको आले तर? "ती दोघं आली." ही 'ती दोघं' नपुंसकलिंगी आहेत. स्त्री आणि पुरुष एकत्र आले की नपुंसकलिंग, हा नियम मराठीत आणि आइस्लँडिकमध्ये सारखा आहे.

आइस्लँडिकमध्ये 'दोन' या संख्येचीच तीन रूपं आहेत: त्वेइर, त्वाइर, त्वो. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. आपल्या दोघे, दोघी, दोघं यांच्या शेजारी ती ठेवून पाठ करा, लगेच डोक्यात बसतील.

म्हणजे 'दोन'चं वेगळेपण मराठीतही आहे. फक्त ते आपण उत्तरात ठेवलं आहे, प्रश्नात नाही. "दोघांपैकी कोण?" असं आपण विचारू शकतो, पण ती आपली मर्जी. आइस्लँडिकमध्ये ते व्याकरणाचं बंधन आहे.

क्रियापद हुकूम करतं

तिसरी पायरी विभक्तीची, आणि शिकणाऱ्याची खरी दमछाक इथे होते.

मराठीत आपण म्हणतो "कोणता मुलगा", आणि प्रत्यय लावायचा झाला की "कोणत्या मुलाला", "कोणत्या मुलाचा", "कोणत्या मुलाशी". 'कोणता'चं 'कोणत्या' झालं की त्याचं काम संपलं. पुढचं ओझं 'मुलगा' हा शब्द उचलतो. आइस्लँडिकमध्ये प्रश्नार्थक शब्दालाही स्वतःचं ओझं स्वतः उचलावं लागतं.

'विल्तु' म्हणजे 'तुला हवंय का' किंवा 'हवंय'. या क्रियापदाला द्वितीया लागते. समोर दोन गाड्या आहेत. गाडी आइस्लँडिकमध्ये पुल्लिंगी.

क्वोर्न बीलिन विल्तु? दोनांपैकी कोणती गाडी हवी?

समोर दोन पुस्तकं आहेत. पुस्तक तिथे स्त्रीलिंगी.

क्वोरा बोउकिना विल्तु? दोनांपैकी कोणतं पुस्तक हवं?

समोर दोन घरं आहेत. घर नपुंसकलिंगी.

क्वोर्त हूसिद विल्तु? दोनांपैकी कोणतं घर हवं?

क्वोर्न, क्वोरा, क्वोर्त. आपल्या 'कोणता, कोणती, कोणतं'सारखंच.

आता क्रियापद बदलू. 'मदत करणे' या क्रियापदाला आइस्लँडिकमध्ये चतुर्थी लागते. दोन बहिणी आहेत:

क्वोर्री थेइरा ह्याउल्पादिर थू? त्या दोघींपैकी कोणाला मदत केलीस?

आणि कोणाची आठवण येणे, कोणाची उणीव भासणे, या अर्थाच्या क्रियापदाला षष्ठी लागते:

क्वोर्रार थेइरा साक्नार थू? त्या दोघींपैकी कोणाची आठवण येते तुला?

थांबा, मराठी अर्थाकडे पुन्हा बघा. मदत कोणाला? 'ला'. आठवण कोणाची? 'ची'. आपण एकाला 'ला' लावतो आणि दुसऱ्याला 'ची', कारण मराठीतही ते ते शब्द तो तो प्रत्यय मागतात. मराठी बोलताना आपण नियम आठवत नाही, पण हुकूम पाळतो. आइस्लँडिक मूलही नियम आठवत नाही.

क्वेरची रूपंही अशीच चालतात. पुल्लिंगी एकवचन घेऊ: क्वेर, क्वेर्न, क्वेर्युम, क्वेर्स. स्त्रीलिंगी: क्वेर, क्वेर्या, क्वेर्री, क्वेर्रार. हे सगळं एका दमात पाठ करायला जाऊ नका. रोज एक क्रियापद घ्या आणि त्याच्याबरोबर येणारं एकच रूप तोंडात बसवा. रेक्याविकच्या आर्नी मॅग्नुसन संस्थेने आइस्लँडिक शब्दांच्या सगळ्या रूपांचा कोश इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवला आहे. अडलात तर तिथे शब्द टाका, तक्ता समोर येतो.

अनेकवचनाची एक गंमत सांगतो आणि पुढे जातो. बूट. जोडीतला एकच बूट, डावा की उजवा, असं विचारायचं असेल तर एकवचन: क्वोर्न. पण समोर दोन जोड आहेत, काळा जोड आणि तपकिरी जोड, त्यांतला कोणता, असं विचारायचं असेल तर अनेकवचन: क्वोरा. पर्याय दोन्ही वेळा दोनच. पण दुसऱ्या वेळी प्रत्येक पर्याय हाच मुळी अनेकवचनी आहे. या एका शब्दात हा हिशेबही बसतो.

क्वादा: थकलेल्यांचा विसावा

इतकी रूपं बघून तुम्ही दमला असाल, तर आता चांगली बातमी. तिसरा शब्द, क्वादा, कधीच बदलत नाही. लिंग कोणतंही असो, विभक्ती कोणतीही असो, वचन कोणतंही असो: क्वादा.

क्वादा दागुर एर ई दाग? आज कोणता वार?

फ्राउ क्वादा लान्दी एर्तु? तू कुठल्या देशातून आलास, किंवा आलीस?

हा दुसरा प्रश्न तुम्ही आइस्लँडला गेलात तर तुम्हाला विचारला जाईलच. तिथे 'देश' या शब्दाचं रूप 'पासून' या अर्थाच्या शब्दामुळे बदललं आहे, पण क्वादा जागचा हललेला नाही.

क्वादाच्या दोन अटी मात्र आहेत. एक, तो एकटा उभा राहत नाही. मराठीत आपण नुसतंच "कोणता?" असं विचारू शकतो. आइस्लँडिकमध्ये नुसतंच "क्वादा?" चालत नाही, पाठोपाठ नाम लागतं. दोन, त्याच्यानंतरचं नाम मोकळं, अनिश्चित असतं. "क्वादा बोउक" म्हणजे 'कोणतं पुस्तक', जगातल्या सगळ्या पुस्तकांपैकी. पण "क्वोरा बोउकिना" म्हणताना पुस्तकाला शेपूट लागलं आहे: बोउक नाही, बोउकिना. हे शेपूट म्हणजे 'ते ठरावीक, समोर असलेलं' असं सांगणारा प्रत्यय. दोन पुस्तकं समोर आहेत, दोघांनाही दिसत आहेत, म्हणून ती ठरावीक झाली.

यावरून एक साधा कानमंत्र: क्षेत्र मोकळं असेल तर क्वादा, दोन पर्याय समोर असतील तर क्वोर, आणि ठरावीक गटातल्या तीन किंवा जास्त जणांतून एक निवडायचा असेल तर क्वेर.

चहा की कॉफी, येईल की नाही

आता मला या विषयातला सगळ्यांत आवडणारा भाग.

आइस्लँडिक घरात पाहुणे म्हणून गेलात तर विचारतील:

क्वोर्त विल्तु काफ्फी एदा ते?

काफ्फी म्हणजे कॉफी, ते म्हणजे चहा, एदा म्हणजे 'किंवा'. आणि सुरुवातीला आपला ओळखीचा क्वोर्त. 'दोनांपैकी काय हवं, कॉफी की चहा?' सुरुवातीलाच क्वोर्त आला, की तुम्हाला कळतं, पुढे दोन गोष्टींची नावं येणार.

आता दुसरं वाक्य बघा. "तो येईल की नाही, मला माहीत नाही." आइस्लँडिकमध्ये यातल्या 'की नाही'साठी कोणता शब्द असेल? तोच: क्वोर्त. येणं आणि न येणं या दोनांपैकी कोणतं, ते मला माहीत नाही. प्रत्येक हो-नाहीच्या शंकेत दोनच पर्याय असतात, म्हणून 'दोनांपैकी कोणतं' हाच शब्द शंकेसाठी वापरात आला.

इंग्रजीतही हेच घडलं. 'व्हेदर' हा इंग्रजी शब्द क्वोरचा सख्खा नातेवाईक आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात तो 'दोघांपैकी कोणी' या अर्थाने आलेला आहे. पुढे तो अर्थ पुसला गेला आणि फक्त शंका उरली. आइस्लँडिकमध्ये दोन्ही अर्थ आजही शेजारी-शेजारी नांदतात.

आणि मराठीने काय केलं? मराठीने दोन्ही पर्याय उघडपणे मांडले: "येईल की नाही". वाट वेगळी, पण मुक्काम तोच.

कतर आणि कतम

आता थोडं मागे जाऊ. ही 'दोघांपैकी कोण' असं विचारायची वेगळी सोय आइस्लँडिकने एकट्याने शोधली का? नाही. ती आपल्याकडेही होती.

संस्कृतात कतर म्हणजे दोघांपैकी कोण आणि कतम म्हणजे अनेकांपैकी कोण. पुन्हा तेच 'तर' आणि 'तम', या वेळी 'कः'च्या घराण्याला जोडलेले. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात या दोन्हींसाठी वेगवेगळे प्रत्यय सांगितले आहेत: दोघांतून एक निवडायचा असेल तर कोणता आणि अनेकांतून निवडायचा असेल तर कोणता.

गीतेचा दुसरा अध्याय आठवा. अर्जुन म्हणतो की आपण जिंकावं की त्यांनी आपल्याला जिंकावं, या दोनांतलं आपल्यासाठी काय अधिक बरं, तेच कळत नाही. तिथे त्याने वापरलेला शब्द आहे 'कतरत्', संधीत 'कतरन्' असा दिसतो. हेच आपल्या क्वोर्तचं संस्कृत भावंड. अर्जुनासमोर दोनच वाटा आहेत, हे त्याच्या प्रश्नार्थक शब्दातच लिहिलेलं आहे. मराठीत अर्थ सांगताना आपण 'काय बरं' असं म्हणतो आणि तो 'दोन' निसटतो. मग 'या दोनांतलं' असं वरून घालावं लागतं.

त्याहूनही जुनं उदाहरण ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात आहे. द्यावापृथिवी, म्हणजे आकाश आणि पृथ्वी, यांच्यावरच्या एका सूक्ताची सुरुवातच या प्रश्नाने होते की दोघींपैकी आधीची कोणती आणि नंतरची कोणती. तिथे स्त्रीलिंगी 'कतरा' आहे.

आता कतर आणि क्वोर यांच्यात साम्य कसं काय? संस्कृतात जिथे 'क' आहे, तिथे अनेक प्रश्नार्थक शब्दांत जर्मानिक भाषांमध्ये 'ह्व' सापडतो. इंग्रजीतल्या 'व्हॉट', 'व्हू' यांच्या स्पेलिंगमध्ये त्याच्या खुणा आहेत. मधला 'त' इंग्रजी 'व्हेदर'मध्ये मऊ होऊन टिकला. आइस्लँडिकमध्ये झिजून नाहीसा झाला. शेवटचा 'र' सगळीकडे शिल्लक आहे. क्वोरमधला हा 'र' म्हणजे आपल्या 'तर'मधलाच 'र'.

अशी नाती पद्धतशीर शोधणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी एक होता डेन्मार्कचा रास्मुस रास्क. त्याने १८११ साली आइस्लँडिकचं व्याकरण प्रसिद्ध केलं. १८१३ ते १८१५ तो आइस्लँडमध्ये राहिला. आणि १८२० साली रशिया आणि इराणमार्गे प्रवास करत तो पोचला मुंबईत. पारशी समाजाच्या धर्मग्रंथांची भाषा, अवेस्ता, हा त्याचा इथला विषय होता. परत जाताना त्याने अवेस्ताची आणि पालीची हस्तलिखितं कोपनहेगनला नेली. आइस्लँडिक आणि आपला हा प्रदेश यांच्यात इतक्या जुन्या काळी एका माणसाने पाऊलवाट पाडली होती.

पुढे संस्कृतातलं द्विवचन प्राकृतांत राहिलं नाही, आणि मराठीत तर कतर आणि कतम यांची जागा एकट्या 'कोणता'ने घेतली. पण पाऊलखुणा आहेत. 'इतर' हा शब्द घ्या. त्यातला 'तर' तोच. मूळ अर्थ 'दोनांपैकी दुसरा'. 'भाषांतर', 'देशांतर' यांतला 'अंतर' म्हणजेही 'दुसरा'. आइस्लँडिकमध्ये 'दुसरा' या अर्थाचा शब्द आहे अन्नार, आणि अभ्यासक त्याला या 'अंतर'चा नातलग मानतात.

यात अडतं कुठे?

आता कोणी विचारेल, एवढी मोजणी कशाला? 'कोणता'ने आपलं काही अडलं आहे का?

व्यवहारात भाषा सहसा अडू देत नाही. पण उपयोग कुठे होतो, ते बघा. दवाखान्यात डॉक्टर कानाबद्दल विचारतात: ई क्वोरु एइरानु? दोनांपैकी कोणत्या कानात? मुलं मुठीत खडा लपवून विचारतात: ई क्वोर्री हेन्दिन्नी? कोणत्या हातात? कान दोन, हात दोन, डोळे दोन, गुडघे दोन. ही जोडी शब्दानेच दाखवली जाते. आणि दोनच माणसांबद्दल बोलताना कोणी क्वेर वापरला, तर नीट ऐकणाऱ्याच्या मनात येतं, तिसरा कोण?

मात्र आइस्लँडमधली सगळी माणसं हा फरक काटेकोरपणे पाळतात, असंही नाही. 'एकमेकांना' म्हणतानाही तिथे हाच भेद आहे: दोघांनी एकमेकांना म्हणताना क्वोर, अनेकांनी एकमेकांना म्हणताना क्वेर. बोलण्याच्या ओघात दोन्हींची सरमिसळ होते, आणि भाषेची काळजी करणारे लोक ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करत असतात. आइस्लँडिक ही देशाची राष्ट्रीय भाषा आहे, असं २०११ साली कायद्यानेही नोंदवलं गेलं. १६ नोव्हेंबर हा तिथे आइस्लँडिक भाषा दिन असतो, योनास हात्लग्रिमसन या कवीचा जन्मदिवस. आपला २७ फेब्रुवारी जसा कुसुमाग्रजांचा.

काळजीचं कारणही आहे. बोलणारे मोजके, आणि मुलांच्या हातातल्या पडद्यावर बरंचसं इंग्रजी. देशात राहणाऱ्यांपैकी परदेशातून आलेल्यांचं प्रमाण जवळजवळ पाचात एक आहे. त्यांच्यापैकी अनेकजण ही भाषा मोठेपणी शिकत आहेत. अशा वेळी भाषेतून आधी काय जातं? मोठे शब्द जात नाहीत. 'घर', 'आई', 'पाणी' टिकतात. आधी जातात ही बारीक हत्यारं: क्वोर आणि क्वेरमधला एक स्वर.

आणि इथे मला महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांशी थोडं बोलायचं आहे. मराठीचंही असंच एक बारीक हत्यार आहे: आम्ही आणि आपण. "आम्ही जेवायला जातोय" म्हटलं तर ऐकणारा त्यात नाही. "आपण जेवायला जातोय" म्हटलं तर आहे. पाहुण्यासमोर चुकून 'आम्ही' म्हटलं तर तो बिचारा उपाशी राहील. हा फरक हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, इंग्रजीच्या 'वी'मध्ये नाही, आणि आइस्लँडिकमध्येही नाही. आइस्लँडिकमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' दोन्हींसाठी एकच शब्द, 'विद'. गंमत म्हणजे 'विद'चा जुना अर्थ होता 'आम्ही दोघं'. ती मोजणी तिथेही हरवली आणि 'विद' साधं अनेकवचन झालं.

म्हणजे प्रत्येक भाषा काही मोजते आणि काही मोजायचं सोडून देते. आइस्लँडिक पर्याय मोजते. मराठी, ऐकणारा आपल्यात आहे की नाही, हे बघते. दिल्लीत, बंगळुरूत, हैदराबादेत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बोलण्यात 'आम्ही' आणि 'आपण' यांची सरमिसळ, आणि 'दोघी' किंवा 'दोघं'च्या जागी सरसकट 'दोघे', अनेक घरांत ऐकू येतं. मुलांना रागावू नका. पण तुम्ही स्वतः बोलताना हे फरक नीट बोला. मुलं व्याकरणाच्या पुस्तकातून हे शिकत नाहीत, कानातून शिकतात. संस्कृतातला कतर कोणी ठरवून टाकून दिला नव्हता. तो वापरायचा राहिला, एवढंच.

घरचा अभ्यास

नेहमीप्रमाणे तीन प्रश्न. आइस्लँडिकमध्ये विचारा:

१. दोन बहिणींपैकी मोठी कोण?
२. नवरा-बायकोपैकी मोठं कोण?
३. तीन बहिणींपैकी सगळ्यांत मोठी कोण?

आधी स्वतः करून बघा, मग पुढे वाचा.

उत्तरं. पहिलं: क्वोर थेइरा एर एल्द्री? प्रथमेत क्वोर हे रूप पुल्लिंग आणि स्त्रीलिंग दोन्हींना सारखंच, म्हणून भावांसाठीचंच वाक्य इथे चालतं. दुसरं: क्वोर्त थेइरा एर एल्द्रा? स्त्री आणि पुरुष एकत्र, म्हणून नपुंसकलिंग. 'ती दोघं' आठवा. तिसरं: क्वेर थेइरा एर एल्स्त? तीन आहेत म्हणून क्वेर, आणि भावांसाठी एल्स्तुर होतं, बहिणींसाठी एल्स्त.

तिन्ही बरोबर आली असतील तर शाबास. एखादं चुकलं असेल तर आधी मोजा, मग लिंग बघा आणि शेवटी क्रियापदाकडे बघा. याच क्रमाने गेलात तर गोंधळ होणार नाही.

पुढच्या भागात भेटू.